माझा अनुभव: कानाचा वास काही केल्या जात नव्हता

आमची कुत्री कॉकर स्पॅनियल जातीची, चार वर्षांची, लांब लोंबते कान, त्यामुळे आत हवा खेळत नाही आणि ओल तशीच राहते. सारखं डोकं झटकायची, रात्रभर कुईकुई, जवळ घेतलं की कुबट वास. मी काय करायचे तर इअरबड घालून कान पुसायचे आणि तीच मोठी चूक होती, कारण कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते, आधी खाली जाते आणि मग आत वळते, बडने मळ आणखी आतच ढकलला जातो.

शेवटी डॉक्टरांनी मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला, यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी निघाली. मी घरात उरलेले जुने ड्रॉप्स घालत होते ते बॅक्टेरियावरचे, मग गुण कसा येणार! आणि कानाचा पडदा फाटला असेल तर काही औषधांनी नुकसान होतं, म्हणून कान न तपासता काहीच घालू नका प्लीज.

आता कान साफ करायचं लिक्विड (क्लीनर) कानात भरते, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळते, पचपच आवाज येतो, मग तिला मनसोक्त डोकं झटकू देते आणि वर येतं तेवढंच कापसाने टिपते. बाटली दिसली की पलंगाखाली पळायची, म्हणून आधी नुसती बाटली दाखवून खाऊ, मग कानाला हात लावून खाऊ, मग थेंब. खाज लवकर थांबली तरी औषधाचा कोर्स पूर्ण केला. परवा मांडीवर कान टाकून झोपली, वास अजिबात नाही, इतकं बरं वाटलं!