ड्राइव्हवरच्या कागदपत्रांना कुलूप घातलं

आधार, पॅन, गावाकडचा सातबारा, आईचे मेडिकल रिपोर्ट, सगळं स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर होतं. तिथे फाइली एन्क्रिप्ट होतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत अशा बदलल्या जातात, हे खरं, पण किल्ली कंपनीकडेच असते. म्हणून ती आपल्या हातात घ्यायचं ठरवलं.

क्रिप्टोमेटर नावाचं ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो असं) सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉपवर फुकट. ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येच त्याची तिजोरी, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं फोल्डर, बनवली आणि लांबलचक पासवर्ड दिला. मग ते 44 इंग्रजी शब्दांची रिकव्हरी की देतं. पासवर्ड विसरला आणि हीही हरवली, तर फाइली गेल्या म्हणून समजा. 'फरगॉट पासवर्ड'ची सोय नाही. मी ती कागदावर छापून कपाटात, एफडीच्या पावत्यांसोबत ठेवली.

तिजोरी उघडली की नेहमीच्या ड्राइव्हसारखी दिसते. फाइली ओढून आत टाकल्या. आता ब्राउझरमधून पाहिलं तर 'सातबारा.पीडीएफ' कुठेच नाही, नुसती अगम्य अक्षरं आणि शेवटी .सी९आर. फाइलीचा आकार आणि बदलल्याची वेळ मात्र लपत नाही.

जुन्या उघड्या प्रती काढायला विसरू नका. डिलीट केल्यावरही त्या ट्रॅशमध्ये 30 दिवस पडून राहतात, तोही रिकामा करा.

गैरसोय आहेच. ड्राइव्हच्या सर्चला आतलं काही सापडत नाही, आणि अँड्रॉइडचं ॲप विकत घ्यावं लागतं. लग्नाचे फोटो मी बाहेरच ठेवलेत. त्यांना कसली तिजोरी!