स्प्रेने चेहरा रंगवताय? भिंतीपासून नाकापर्यंत या चुका टाळा

तालमीच्या, शाळेच्या किंवा चौकातल्या भिंतीवर मोठा चेहरा रंगवायचं काम सांगली-साताऱ्यातली पोरं आता हौसेने अंगावर घेतात, आणि ते व्हायलाच हवं. क्रांतिसिंह नाना पाटील, सावित्रीबाई, खाशाबा जाधव अशी माणसं या मातीने दिली. त्यांचे चेहरे नुसत्या फ्लेक्सवर का राहावेत? पण चित्र दोन पावसाळ्यांत पोपडे धरून गळालं, की दोष रंगाला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा भिंतीत असते.

सांगलीत नदीकाठची भिंत मिळाली तर २०१९ आणि २०२१ ला तिथे पाणी किती चढलं होतं, हे आधी शेजाऱ्यांना विचारा. ओल धरलेल्या विटांतून क्षार बाहेर येतात, पांढरा खार फुटतो आणि वरचा रंग सुटतो. प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर तिथे रंगवू नका. खार कोरड्या ब्रशनेच झाडा. पाणी मारलं तर तो विरघळून परत आत मुरतो. ओल कुठून येते ते शोधून बंद करा, भिंत वाळू द्या, मगच बाहेरच्या भिंतीचा प्रायमर लावा. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. चुन्याच्या भिंतीवर हात फिरवून तळवा पांढरा झाला, तर खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मालकाची परवानगी लेखी घ्या. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे.

आता चेहरा. सगळ्यात जास्त चेहरे बिघडतात ते कडांमुळे. नवशिका आधी काळ्या रेघेने नाक, ओठ, हनुवटी आखून घेतो आणि आत रंग भरतो. असा चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. माणसाच्या नाकाच्या बाजूला रेघ नसते, तिथे उजेड हळूहळू सावलीत जातो. वरच्या पापणीची कड, नाकपुडी, दोन ओठांमधली फट एवढ्याच जागा धारदार हव्यात. त्यासाठी बारीक कॅप (डब्यावरची फवारा सोडणारी टोपी) लावा, डबा भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटरवर धरा आणि हात झपकन फिरवा. गालासाठी २०-२५ सेंटिमीटर मागे या आणि हलका फवारा थरावर थर मारा. रेघ जाड झाली तर पुसू नका. वाळल्यावर शेजारच्या त्वचेचा रंग मारून तिला दोन्ही बाजूंनी कापा.

पैलवानाच्या चित्रात कानाकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडचा माणूस आधी तिथेच बघतो. कुस्तीत चेंगरून मोडलेल्या कानाला पाळीची सरळ घडी नसते. फुगलेल्या उंचवट्यावर उजेड आणि त्याखाली अरुंद, खोल सावली असते. तिथे गुळगुळीत कान काढला तर चित्रातला पैलवान कुणाला पटणार नाही.

सावलीला काळा रंग वापरला की त्वचा राखेसारखी दिसते. गडद चॉकलेटी, मरून, थोडा जांभळा घ्या. आधी मधली छटा सगळीकडे मारा, मग गडद, सगळ्यात शेवटी उजेड. डोळ्यातला पांढरा ठिपका तर अगदी अखेरीस.

ओघळ येतो तो हात थांबल्यामुळे. हात आधी हलवा, मग कॅप दाबा. थांबण्याआधी बोट उचला. आलेला ओघळ वाळू द्या, बारीक पॉलिश पेपरने घासा, वरून रंग मारा. डबा थुंकत असेल तर आतली गोळी खडखडायला लागल्यावरही दोनेक मिनिटं हलवा, तरी थुंकला तर कॅप बदला. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत फवारा, म्हणजे कॅप तुंबत नाही.

परांचीवर उभं राहून प्रमाण कळत नाही. दर थोड्या वेळाने खाली उतरा, रस्त्याच्या पलीकडून बघा, मोबाईलवर फोटो काढून मूळ फोटोशेजारी ठेवा. डोळ्यांतलं अंतर चुकलं असेल तर ते पहिल्या थरातच दुरुस्त करा. त्यावर दहा छटा चढल्यावर फार उशीर होतो.

कापडी मास्क रंगाची वाफ अडवत नाही. कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. आणि एप्रिलच्या उन्हात डबे गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर ते फुटू शकतात.