आधी पिन बघ: फोरकासलवर पहिल्यांदा नांगर उचलताना

कॅडेट म्हणून पहिल्या जहाजावर चढलो तेव्हा विंडलासचा, म्हणजे नांगर उचलणाऱ्या यंत्राचा, लिव्हर ओढला की नांगर वर येतो, एवढीच माझी समजूत होती. यूएईतल्या फुजैरा बंदराच्या अँकरेजवर (जहाजं नांगर टाकून थांबतात त्या जागी) पहाटे साडेतीनला फोरकासलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या डेकवर, बोलावणं आलं. दापोलीकडच्या आमच्या बोसनकाकांनी (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मला लिव्हरला हातसुद्धा लावू दिला नाही. म्हणाले, "पोरा, आधी पिन बघ."

साखळीच्या कड्या ज्या चाकात बसतात ती जिप्सी. ती मोटरला जोडतो तो क्लच आणि क्लचला जागेवर अडकवून ठेवते ती पिन. पिन नीट बसली नसेल तर ताण आला की क्लच निसटू शकतो, आणि तोवर ब्रेक आपणच सैल केलेला असतो. पुढे दुसऱ्या एका जहाजावर मी हे डोळ्यांनी पाहिलं. साखळी उलटी धावू लागली, गंजाचा लाल धुरळा असा उडाला की शेजारचा माणूस दिसेना. ब्रेकवरच्या खलाशाने ब्रेकचं चाक सोडलं नाही, म्हणून ती थांबली. साखळीच्या रेषेत कोणी उभं नव्हतं, म्हणून कोणाला खरचटलंही नाही.

त्यामुळे क्रम पक्का डोक्यात ठेवा. गॉगल, हेल्मेट, हातमोजे घाला. वाकून बघा, खाली बार्ज किंवा होडी नाही ना. ब्रेक आवळलेला असतानाच क्लच घाला, पिन हाताने हलवून बघा, मग ब्रेक सोडा. साखळी जराशी ओढली की बो-स्टॉपरवरचा, म्हणजे साखळी अडवून धरणाऱ्या अडसरावरचा, भार जातो. तेव्हा त्याचा दांडा उचला.

खरं काम इथून पुढे. विंडलास नांगर आणि साखळी उचलायला केलेला असतो, हजारो टनांचं जहाज नांगराकडे खेचायला नाही. साखळी पुढे ताठ गेली असताना ओढत राहिलात तर सगळा भार मोटरवर येतो. हायड्रॉलिक मोटर अशा भाराखाली फुटून माणसं जायबंदी झाली आहेत. म्हणून साखळीची दिशा घड्याळासारखी सांगायची: "एक वाजता, ताण जास्त." थांबायचं, ब्रिजला (जहाज चालवतात त्या खोलीला) कळवायचं. कॅप्टन इंजिन थोडं पुढे देतात, साखळी सैल पडते, मग पुन्हा ओढायचं. लाटा मोठ्या असतील तर हे दहादा करावं लागतं, आणि करावंच. "लवकर करा" असं वॉकी-टॉकीवर कितीही ऐकू आलं तरी.

घाई करून फार वेळ वाचतही नाही. विंडलासचा वेग साधारण मिनिटाला ९ मीटर आणि एक शॅकल, म्हणजे साखळीचा एक तुकडा, २७.५ मीटरचं. पाण्यात पाच शॅकल असतील तर न थांबता ओढूनही पंधरा मिनिटं जातात. बहुतेक जहाजांवर असे दोन तुकडे जोडणारी कडी, म्हणजे जोड-शॅकल, लाल आणि दोन्ही बाजूंच्या कड्या पांढऱ्या रंगवलेल्या असतात. तिसऱ्या शॅकलला तीन-तीन. साखळीवर पाणी मारत राहा, नाहीतर चिखलाखाली हा रंग दिसतच नाही.

साखळी सरळ खाली उभी राहिली, मग नांगर तळ सोडतो. वर आला की नीट बघा, कधी जुनी केबल अडकलेली असते, कधी दुसऱ्याची साखळी. मोकळा दिसला की ब्रिजला सांगा. दिवसा असेल तर जहाज नांगरावर असल्याची खूण म्हणून लावलेला काळा गोळा उतरवा. शेवटचे दोन-तीन मीटर अगदी हळू घ्या, हॉज पाइपवर, म्हणजे साखळी ज्यातून बाहेर जाते त्या नळीवर, नांगर आदळता कामा नये. मग ब्रेक आवळा, स्टॉपर टाका, लॅशिंग करा (साखळी घट्ट बांधा) आणि सगळ्यात शेवटी क्लच काढा. त्या पहाटे काकांनी क्लच काढण्याआधी माझा हात धरून ब्रेकच्या चाकावर ठेवला आणि म्हणाले, "अजून अर्धा फेरा बसतोय बघ." खरंच बसला.