कंपनीच्या टेपला अ‍ॅम्प्लिफायर जोडताना

गाडीत अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काचा थरथरवणारा धिंगाणा, असं आमच्या सोसायटीतल्या लोकांना वाटतं. मी बसवला तो डग्ग्यासाठी. गाडीसोबत आलेला कंपनीचा टेप पुढ्यावर '५० गुणिले ४', म्हणजे चार स्पीकरना पन्नास-पन्नास वॅट, असं मिरवत असला, तरी एका स्पीकरला सलग ताकद देतो १५ ते २० वॅट. काचा खाली करून हायवेला लागलात आणि आवाज चढवलात, की डग्ग्याची घुमक जाते, नुसती थाप उरते. टेप तसाच ठेवून हे सुधारता येतं.

दुकानात चार चॅनलचा, दर चॅनलला ५० वॅट आरएमएस (म्हणजे सलग ताकद) देणारा, 'हाय लेव्हल इनपुट' म्हणजे थेट स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेण्याची सोय असलेला अ‍ॅम्प्लिफायर मागा. कंपनीच्या टेपला बहुधा मागे आरसीए, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरसाठीचे वेगळे सिग्नल सॉकेट, नसतात, म्हणून ही सोय लागते. खोक्यावरचे 'हजार वॅट' वाचूच नका.

खरे पैसे बॅटरीपासून येणाऱ्या वायरवर घाला. २०० वॅट बाहेर पडायचे तर कमी वीज वाया घालवणारा क्लास डी जातीचा अ‍ॅम्प्लिफायर साधारण १८ अँपिअर ओढतो, जुन्या क्लास एबीला २४-२५ लागतात. त्यासाठी ८ गेजची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर शुद्ध तांब्याचीच हवी. टोक ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. परत करा.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो अ‍ॅम्प्लिफायर वाचवायला नसतो, वायर कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. इंजिनातून आत येताना वायर भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून, म्हणजे ग्रोमेटमधूनच घ्या, पत्र्याच्या उघड्या भोकातून कधीही नाही. पॉवरची वायर एका बाजूच्या पट्टीखालून, सिग्नलची दुसऱ्या. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

अर्थिंगला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली बसवायचा, तिथलाच पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पॉवरच्या वायरएवढ्याच जाडीची, हातभराहून लांब नसलेली वायर लग (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून घट्ट आवळा, वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. इंजिन रेस केल्यावर स्पीकरमधून शिटी चढत गेली, तर पहिला संशय इथेच घ्या.

आता टेपमागचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड. कंपनीची वायर कापू नका. तुमच्या गाडीचा तयार हार्नेस (कपलर लावलेला वायरींचा जुडगा) मिळतो, तो मध्ये बसवा. टेपकडून येणाऱ्या आठ वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला, आणि आउटपुटच्या आठ परत फिरून स्पीकरकडे. टेपचं आउटपुट आणि अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट कुठेही एकमेकांना भेटता कामा नये, नाहीतर टेपचा आयसी, म्हणजे आतली चिप, जाईल. टेपच्या स्पीकरची निगेटिव्ह वायरही बॉडीला जोडायची नाही. ती अर्थ नसते, तिच्यावरही व्होल्टेज असतं. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल ओळखून आपोआप चालू होत नसेल, तर त्याला चालू-बंद करणारी 'रिमोट' वायर एसीसीच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून घ्या.

अ‍ॅम्प्लिफायरवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, टेपचा सिग्नल किती वाढवायचा ते त्यानं ठरतं. स्पीकरच्या मॅग्नेटवर किती वॅट, किती ओहम लिहिलंय ते बघा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. ३० वॅट, ४ ओहम असेल तर ११ व्होल्ट. स्पीकर सुटे ठेवून, बास-ट्रेबल शून्यावर आणि फिल्टर बंद करून, १ किलोहर्ट्झचा टोन टेपवर पाऊण आवाजात लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटवर ११ दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. मग हाय पास फिल्टर, म्हणजे खालचे खोल सूर अडवणारा, ८० हर्ट्झवर. कागदी कोनचे स्पीकर त्यामुळेच टिकतात. त्याखालचं खोल हवंच असेल तर वेगळा सबवूफर घ्या.

अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली बसवताना प्लायचा इंचभर उंच तुकडा टाका. पावसाळ्यात ओल्या चपलांनी तिथलं कारपेट दिवसचे दिवस दमट राहतं.

तासभर गाडी चालवून झाल्यावर फ्यूज होल्डरला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर कुठेतरी लग ढिली दाबली गेली आहे. ती कापून नवी लावा.