सारख्याच वाटणाऱ्या दोन फायबरच्या बोटींतून एक कशी निवडावी

लांबी तीच, इंजिन तेवढ्याच ताकदीचं, बसायच्या जागाही सारख्या. अशा दोन मोटरबोटी समोर आल्या की रंग आणि म्युझिक सिस्टीम बघून निर्णय होतो. कुटुंबासाठी बोट घ्यायची असेल तर त्याआधी पुढचं तपासून घ्या.

१. तळाचा आकार बघा. मागे उभं राहून तळाचा व्ही किती खोल आहे ते पाहा. मागच्या टोकाला तळाची बाजू आडव्या रेषेपासून जितकी वर चढते तो कोन २० ते २४ अंश असेल तर बोट लाटा कापत जाते, हादरे कमी बसतात. पण थांबली की जास्त डुलते. १४ ते १८ अंशांचा तळ उभ्या बोटीला स्थिर ठेवतो, मात्र उसळत्या पाण्यात आपटतो. सहलीचा निम्मा वेळ नांगर टाकून पोहण्यात आणि खाण्यापिण्यात जातो, मुलं तर सगळी एकाच कडेला धावतात. त्यामुळे शांत पाण्यात फिरणाऱ्यांना मी कमी कोनाचीच बोट सुचवेन.

२. वजनाचा हिशेब मांडा. बोटीवरच्या पाटीवर माणसांची आणि वजनाची मर्यादा असेल ती वाचा. २०० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५० किलो, म्हणजे दोन मोठी माणसं टाकीतच बसलेली असतात.

३. मागची फळी ठोकून बघा. बोट जुनी असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंजिन पेलणाऱ्या या फळीत फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. नंतर पाडलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं, वरून मात्र सगळं चकचकीत दिसतं. प्लास्टिकच्या हातोडीने इंचाइंचावर हलकेच ठोका. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला की सावध व्हा. आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं) वर उचलून त्याचा खालचा भाग दाबा आणि फळी लवते का ते कोणाला तरी बघायला सांगा. इंजिनाच्या बोल्टांभोवती तडे असतील तर सर्व्हेयरकडून (बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) फळीतला ओलावा मोजून घेतल्याशिवाय पुढे बोलू नका. कोपऱ्यांतले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे बहुतेकदा वरच्या थरापुरतेच असतात.

४. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. आधी हात लावून बघा. गरम लागलं तर मालकाने ते का तापवून ठेवलं, हे विचाराच. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

५. चाचणीला सगळं घर न्या. एकट्या विक्रेत्यासोबत कुठलीही बोट छान पळते. सगळे बसल्यावर वेग घेताना पुढचा भाग इतका उचलला जातो का, की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही? रिव्हर्समध्ये ती कशी वळते? मग इंजिन पूर्ण बंद करून सगळ्यांना एका कडेला उभं करा. पाण्यात उतरून शिडीने वर या. शेवटची पायरी पाण्याखाली पुरेशी खोल नसेल तर दमलेला माणूस चढू शकत नाही. कठडा लहान मुलाच्या कुठवर येतो तेही मोजा.

६. एवढ्यावरही निवड होत नसेल, तर ज्या इंजिनाचे सुटे भाग आणि मेकॅनिक जवळ मिळतात ती बोट घ्या.