गिटार आणि गळ्याचा अल्बम कसा रेकॉर्ड करावा

माईक साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या गोल भोकाच्या, बरोबर समोर लावू नका. पहिला अल्बम करायला येणारे बहुतेक गिटारवादक तेच मागतात, आणि मी दर वेळी नको म्हणतो. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. होलसमोरच्या माईकमध्ये तीच भरते. मग मिक्सिंगला कितीही कापाकापी करा, गाण्याचे शब्द त्या घुमण्यात बुडतात.

माईक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी), आठ-दहा इंचांवर लावा. वादकाला वाजवत ठेवा, कानाला हेडफोन लावा आणि माईक इंच-इंच सरकवत ऐका. ब्रिजकडे, म्हणजे तारा पोटावर जिथे अडकवलेल्या असतात तिकडे, गेलं की लाकूड जास्त ऐकू येतं, नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाकडे, गेलं की बोटांची खरखर. थोडी खरखर राहू द्या. ती पुसून टाकली की माणूसच नाहीसा होतो. इथे अर्धा तास गेला तरी चालेल, इक्वलायझर (आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारं साधन) नंतर हे काम करून देत नाही.

तारा आदल्या दिवशी बदला, म्हणजे ताणून स्थिर होतात. प्रत्येक टेकआधी सूर जुळवा. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सर्वात जोराचा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची हद्द).

गाणं आणि गिटार एकत्रच घ्या, असं माझं ठाम मत आहे. वेगवेगळं घेतलं की गायक क्लिकच्या, म्हणजे हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीच्या, मागे धावतो, आणि ओळीच्या शेवटी श्वासासाठी हात जो किंचित थांबतो, तो थांबत नाही. गळ्याचा आवाज गिटारच्या माईकमध्ये शिरतो, ही अडचण खरी. त्यासाठी फिगर-एट माईक घ्या, म्हणजे समोरून आणि मागून ऐकणारा. तो बाजूने जवळजवळ बहिरा असतो. ती बाजू गायकाच्या तोंडाकडे करा.

कडव्यापेक्षा धृपद भरीव हवं असेल तर तोच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकू नका. आवाज फक्त वाढेल, रुंद होणार नाही. पुन्हा वाजवा. पहिली गिटार मोकळ्या जी कॉर्डवर असेल तर दुसरीला पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावून डी कॉर्डचा आकार धरा. सूर तोच, पण तारा वरच्या पट्टीत चमकतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधली जागा गळ्याला मोकळी. तिसरी गिटार मी सहसा घालू देत नाही.