चुनकळी पाण्यात सोडा, पाणी चुनकळीवर नको

चवथीआधी तुळशीवृंदावनाला चुना काढायला घरी चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे कोरडे खडे) विरवणार असाल, तर लोखंडी घमेलं घ्या. प्लास्टिकची बादली नको. पाण्याशी संयोग होताना १ किलो चुनकळी साधारण १,१५० किलोज्यूल उष्णता सोडते. तेवढ्यात ३ लिटर पाण्याला उकळी फुटते! म्हणून आधी भरपूर पाणी, मग एकेक खडा. खडा आधी सूं करतो, मग तडकून फुटतो. तेव्हा वाकून बघू नका, मुलांना तर फिरकूच देऊ नका. डोळ्यात थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. उरलेली चुनकळी घट्ट डब्यात, सरपणापासून लांब ठेवा. आपल्या पावसात पोत्याला ओल लागली, तर तीच उष्णता पोतं पेटवू शकते.